वडपे ते दिंडोरी : पांढऱ्या द्राक्षांच्या फसफसत्या वाइनचा मार्ग

भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव महामार्गांच्या इतिहासात एका हद्दीचे नाव म्हणून नोंदले गेले आहे. मुंबई–आग्रा महामार्गाचे चौपदरीकरण झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातून नाशिककडे चढणाऱ्या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्याला कागदोपत्री ‘वडपे–गोंदे’ हे नाव मिळाले. पुढे ठाण्याकडील सुमारे २४ किलोमीटर रस्ता आठपदरी करण्याचे काम निघाले, तेव्हा त्यालाही ‘माजिवडा–वडपे’ असेच म्हटले गेले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा वाहतुकीला खुला झाला आणि आमणे येथून जवळच असल्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातून येणारी वाहनेही आता याच परिसरात उतरतात. अशा रीतीने घाटमाथ्यावरचा माल महानगराच्या दारात जेथे पोहोचतो, ते ठिकाण म्हणून वडप्याचे स्थान आज पक्के झाले आहे.

भिवंडीची जुनी ओळख यंत्रमागांची. परंतु १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर प्रत्येक राज्यात लहान लहान साठे ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली, मोठी एकत्रित गोदामे सोयीची ठरू लागली आणि मानकोली, पूर्णा, राहनाळपासून वडपे-पडघ्यापर्यंतच्या भातखाचरांत पत्र्याच्या लांबच लांब छपरांची भर पडत गेली. या रस्त्याने मुंबईकडे उतरणाऱ्या मालात नाशिक जिल्ह्यातील वायनऱ्यांच्या बाटल्यांची खोकीही असतात. त्यांपैकी एका विशिष्ट वाइनचा, म्हणजे केवळ पांढऱ्या द्राक्षांपासून केलेल्या आणि एकाच वर्षाच्या हंगामाची ओळख सांगू शकणाऱ्या फसफसत्या वाइनचा, माग वडप्यापासून उलट दिशेने घाट चढत काढणे हा प्रस्तुत प्रवासाचा हेतू आहे.

या वाइनचे वेगळेपण समजण्यासाठी दोन संज्ञा आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. काळ्या द्राक्षांचा रंग बहुतांशी सालीत असतो, गर जवळजवळ रंगहीन असतो. त्यामुळे हलक्या दाबाने रस काढून साल लगेच बाजूला केली, तर काळ्या द्राक्षांपासूनही फिकट सोनेरी वाइन मिळते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात शार्डने हे पांढरे आणि पिनो न्वार व मनिए ही काळी, अशी तीन वाणे मुख्य असून तेथील बहुतेक बाटल्यांत यांचे मिश्रण असते. जेथे काळ्या वाणांना पूर्ण फाटा देऊन फक्त पांढरी द्राक्षे घेतली जातात, त्या वाइनला ‘ब्लाँ द ब्लाँ’ म्हणतात. दुसरी संज्ञा ‘व्हिंटेज’. शॅम्पेनच्या थंड, लहरी हवामानात प्रत्येक वर्षीचे पीक सारखे येत नाही, म्हणून तेथील उत्पादक मागील वर्षांच्या राखीव वाइन नव्या वाइनमध्ये मिसळून दरवर्षी साधारण एकच चव राखतात. परंतु एखादे वर्ष विशेष चांगले गेले, की केवळ त्या वर्षाच्या द्राक्षांची वाइन वेगळी भरून तिच्यावर ते साल छापतात. अशा वाइनला तेथील नियमांनुसार बाटलीत भरल्यापासून किमान ३६ महिने मुरल्यावरच बाहेर जाता येते, तर साल नसलेल्या वाइनसाठी ही मुदत १५ महिन्यांची आहे.

दोन्ही अटी एकत्र आल्या, की उत्पादकाला लपायला जागा उरत नाही. काळ्या द्राक्षांचा भरीवपणा मदतीला येत नाही आणि जुन्या वर्षाची वाइन मिसळून नव्या वर्षातील उणीवही झाकता येत नाही. मेनिल-स्युर-ओजे या एकाच गावातील शार्डनेपासून वाइन करणाऱ्या ‘सालाँ’ या घराण्याने १९०५ साली पहिली वाइन केली आणि विसाव्या शतकातील निम्म्याहून अधिक वर्षे हंगाम मनासारखा नसल्याच्या कारणाने आपल्या नावाची वाइन काढण्याचे टाळले. या प्रकारातील संयमाचे हे टोक म्हणता येईल. ‘शॅम्पेन’ हे नाव मात्र त्या प्रांतापुरतेच राखलेले असून भारतातही त्याला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात त्याच पद्धतीने केलेल्या वाइनला म्हणूनच ‘स्पार्कलिंग वाइन’ असे म्हटले जाते.

वडपे सोडल्यावर पडघा, वाशिंद, शहापूर असा रस्ता हळूहळू चढू लागतो. भातसा, तानसा आणि वैतरणा या नद्यांचे हे खोरे मुंबईची तहान भागवते आणि याच शहापूर तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. द्राक्षांच्या प्रदेशाकडे जाणाऱ्याने ही विसंगती नजरेआड करू नये, कारण घाटावरही द्राक्षाचे सगळे अर्थकारण अखेर पाण्याच्या हिशेबावरच उभे आहे. पुढे कसारा घाट लागतो, ज्याचे जुन्या नोंदींतील नाव थळ घाट असे आहे. समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर असलेल्या भिवंडी परिसरातून निघालेला प्रवासी इगतपुरीला पोहोचतो, तेव्हा तो सुमारे ६०० मीटर उंचीवर आलेला असतो आणि ही उंचीच पुढच्या सर्व कथेचे मूळ आहे.

इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला जसजसे जावे तसतसा तो झपाट्याने उतरतो आणि नाशिकपर्यंत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. द्राक्षवेलीला मुळाशी साचलेले पाणी आणि पानावरचा ओलावा दोन्ही सोसत नाहीत, त्यामुळे बागा मुख्यतः या पर्जन्यछायेत वसल्या आहेत. तरीही इगतपुरी तालुक्यातच, घाटमाथ्याच्या दमट कडेला, दोन उल्लेखनीय वायनऱ्या आहेत. त्यांपैकी कावनई परिसरातील ‘व्हॅलोने’ ही आकाराने लहान आहे. दुसरी सांजेगावची, जी ‘झाम्पा’ या नावाने ओळखली गेली आणि २०१२ साली बंगळुरूजवळच्या ग्रोव्हर वायनरीशी एकत्र झाली. सांजेगावची ‘स्वारे ब्रूत’ ही फसफसती वाइन शेनिन ब्लाँ या एकाच पांढऱ्या वाणापासून केली जाते, म्हणजे शॅम्पेनच्या परिभाषेत ती ब्लाँ द ब्लाँ ठरते. नाशिकजवळच्या यॉर्क वायनरीची आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेली वायनरीची फसफसती वाइनही शेनिनवरच आधारलेली आहे.

तीन वेगवेगळ्या वायनऱ्यांनी एकाच वाणाकडे वळावे, हा योगायोग नाही. शेनिन ब्लाँ हे मूळचे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातले वाण असून उन्हातही आंबटपणा टिकवून धरणे हा त्याचा मोठा गुण आहे. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्ले प्रमुख असतात. त्यांपैकी मॅलिक आम्ल मणी श्वसनासाठी वापरून टाकतो आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च वाढतो. फसफसत्या वाइनचा कणा आंबटपणा हाच असल्यामुळे २० अंश अक्षांशावर ती करणे हे ४९ अंशांवरील शॅम्पेनच्या मानाने अवघड काम आहे. नाशिकला येथे दोन गोष्टींनी हात दिला : एक हे वाण आणि दुसरी डिसेंबर-जानेवारीतील रात्र. निफाडचा पारा किती खाली गेला, ही दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येणारी बातमी खाण्याच्या द्राक्षांच्या बागायतदाराला धडकी भरवणारी असते, कारण कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते आणि त्यांना तडेही जातात. वाइनच्या द्राक्षाला मात्र बेताची थंडी हितकारक असते, कारण तिच्यामुळे आम्ल शाबूत राहते.

महाराष्ट्रात या वाइनची सुरुवात नाशिकला झाली नाही, तर पुणे जिल्ह्यातील नारायणगावला झाली. उद्योजक शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात शॅम्पेनमधील पायपर-हाइडसिक या घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेऊन तेथे बाटलीत किण्वन करण्याची पद्धत आणली आणि त्यातून तयार झालेली वाइन देशात ‘मार्कीज द पाँपादूर’ तर ब्रिटनमध्ये ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली. ज्या काळात भारतीय ग्राहकाला वाइन म्हणजे गोड पोर्ट एवढेच ठाऊक होते, त्या काळात जुन्नर तालुक्यातील द्राक्षांची कोरडी फसफसती वाइन लंडनच्या उपाहारगृहांत पोहोचावी, ही घटना महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात आजवर मिळाली त्यापेक्षा मोठ्या जागेची हक्कदार आहे. चौगुले यांची कंपनी पुढे आर्थिक अडचणीत येऊन बुडाली, परंतु येथील द्राक्षांतून हे घडू शकते, हे तिने दाखवून दिलेले होते. दरम्यान नाशिकला राजीव सामंत यांनी सुला वायनरी उभी केली आणि तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून वाइनला शेतमालावरील प्रक्रिया उद्योगाचा दर्जा आणि करसवलती दिल्या, आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क आखले गेले.

नाशिकहून उत्तरेला दिंडोरीकडे वळले, की या प्रवासाचा मुख्य टप्पा सुरू होतो. शॅम्पेनमधील मोए-ए-शाँदाँ घराण्याने १९५९ साली अर्जेंटिनात ‘शाँदाँ’ या नावाने स्थानिक द्राक्षांची फसफसती वाइन करण्यास प्रारंभ केला, १९७३ मध्ये कॅलिफोर्निया व ब्राझील आणि १९८६ मध्ये ऑस्ट्रेलिया असा विस्तार केला आणि २०१३ साली भारतासाठी दिंडोरीची निवड केली. शाँदाँच्या ब्रूतमध्ये शेनिन आणि शार्डने यांच्या जोडीला पिनो न्वार असल्यामुळे काटेकोर अर्थाने ती ब्लाँ द ब्लाँ नाही. परंतु मुख्यतः फसफसत्या वाइनसाठी बागेपासून तळघरापर्यंत सर्व आखणी करणारे ठिकाण म्हणून दिंडोरीचे महत्त्व वेगळेच आहे.

येथील बागेचे वर्ष युरोपातील बागेच्या वर्षाहून मुळातच निराळे आहे. तेथे हिवाळ्यात वेल झोपी जाते आणि वसंतात फुटते. नाशिकमध्ये ती कधीच पूर्ण झोपत नाही, म्हणून तिचे वर्ष बागायतदाराची कात्री ठरवते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या पहिल्या छाटणीला ‘खरड छाटणी’ म्हणतात. तिच्यानंतर येणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांत, उन्हाळ्याच्या लख्ख प्रकाशात, पुढील पिकाची सूक्ष्म घडनिर्मिती होते. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दुसरी ‘गोडी छाटणी’ केली जाते आणि तिच्या फुटव्यावर घड बाहेर पडतात. फसफसत्या वाइनसाठी हे घड इतर वाइनच्या द्राक्षांपेक्षा लवकर, बहुधा डिसेंबरअखेर ते जानेवारीत, उतरवले जातात. रसातील साखर ‘ब्रिक्स’ या मापाने, म्हणजे १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर आहे अशा रीतीने मोजतात. साध्या पांढऱ्या वाइनला २१-२२ ब्रिक्सची गोडी हवी असते, तर येथे १७ ते १९ ब्रिक्सलाच काढणी होते, कारण गोडी आणखी वाढू दिली तर आंबटपणा हातचा जातो.

यावरून दिसते, की नाशिकच्या एका ‘व्हिंटेज’मध्ये उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू सामावतात आणि बाटलीवर एकच साल छापले तरी प्रत्यक्षात ते दोन सालांच्या सांध्यावरचे पीक असते. येथे सगळी वर्षे सारखीच उबदार असल्याने व्हिंटेजला फारसा अर्थ नाही, असा एक समज आढळतो. तो बागायतदारांच्या अनुभवाशी जुळत नाही. नोव्हेंबर २००९ मधील फयान चक्रीवादळाचा पाऊस, फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेला पाऊस आणि नोव्हेंबर २०२३ अखेरची गारपीट यांनी नाशिकच्या बागांवर उमटवलेला ठसा त्या त्या पिकावर स्पष्ट होता. फुलोऱ्यात पाऊस झाला, की गळ आणि कूज होते, पानांवर केवडा येतो, ढगाळ हवेत भुरी पसरते. कोरडी थंड हवा लाभलेले वर्ष याच्या अगदी उलट, स्वच्छ घडांचे आणि ताठ आम्लाचे असते. वर्षावर्षांतील हा फरक शॅम्पेनमधल्याइतकाच खरा आहे, त्याची कारणे तेवढी वेगळी आहेत.

घड वायनरीत आले, की त्यांना हलका दाब देऊन रस काढतात आणि थंड टाक्यांत आंबवून साधारण १० ते ११ टक्के अल्कोहोल असलेली, तोंड आंबवणारी, निव्वळ कोरडी अशी आधारभूत वाइन तयार करतात. तिच्यात लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून ती जाड काचेच्या बाटल्यांत भरली जाते व बाटल्यांना पत्र्याची टोपणे बसवली जातात. बंद बाटलीत दुसरे किण्वन होते. त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो आणि आतील दाब सुमारे सहा वातावरणांपर्यंत चढतो. साखर संपल्यावर यीस्टच्या पेशी मरून तळाशी बसतात, परंतु त्यांचे कार्य तेथे संपत नाही. महिनोन् महिने त्या पेशी विघटित होत राहतात, त्यांतील प्रथिने आणि शर्करायुक्त द्रव्ये वाइनमध्ये उतरतात, बुडबुडे बारीक व रेंगाळणारे होतात आणि हिरव्या सफरचंदाच्या व लिंबाच्या मूळ गंधाखाली भाजलेल्या पावाचा व बदामाचा गंध दिसू लागतो. व्हिंटेज वाइनची ती तीन वर्षे याच मंद घडामोडीसाठी असतात.

पुढचे काम गाळ काढण्याचे. बाटल्या उपड्या कलत ठेवून थोड्या थोड्या फिरवत गेल्या, की गाळ मानेशी गोळा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मादाम क्लिको यांच्या तळघरात घडवलेली ही युक्ती आज मोठ्या पिंजऱ्यांसारखी यंत्रे पार पाडतात. मग बाटलीची मान उणे २५ अंशांच्या आसपासच्या द्रावणात बुडवून गाळ गोठवतात, टोपण उघडताच तो दाबाने बाहेर उडतो आणि रिकाम्या झालेल्या जागेत थोडी साखर मिसळलेली वाइन भरून बूच व तारेची जाळी बसवली जाते. ही अखेरची साखर लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर वाइनला ‘ब्रूत’ म्हणतात.

इतके सगळे येथे घडत असूनही महाराष्ट्रातील बहुतेक फसफसत्या वाइन साल न छापता विकल्या जातात, आणि त्याचे कारण तळघराच्या तापमानात शोधावे लागते. शॅम्पेनच्या खडूच्या दगडातील भुयारे बारा महिने १० ते १२ अंशांवर आपोआप राहतात. दिंडोरीत तीच थंडी विजेने निर्माण करावी लागते. ३६ महिने म्हणजे नाशिकचे तीन उन्हाळे, आणि त्या काळात बाटल्यांत अडकलेले भांडवल, विजेचे देयक व गोदामाची जागा यांचा भार लहान वायनरीला पेलणे कठीण असते. शिवाय कमी गोडीवर उतरवलेल्या शेनिनचे आम्ल टिकले, तरी इतका काळ मुरून त्याला शार्डनेसारखी खोली येते का, हा प्रश्न प्रत्यक्ष बाटल्या राखून ठेवल्याशिवाय सुटणारा नाही. ल्वारच्या खोऱ्यात चांगल्या वर्षांची शेनिन अनेक दशके टिकते, हे पाहता नाशिकने चांगल्या हंगामाचे काही हजार तरी नग बाजूला काढावेत, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. तसे केल्याशिवाय या मातीतून खरोखर काय निघू शकते, हे कळणार नाही.

वाइन घाट उतरून वडप्याकडे येते, तेव्हा उष्णतेचा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. तापमान वाढले, की विरघळलेला वायू बाहेर पडू पाहतो आणि बाटलीतील दाब चढतो. जाड काच तो सहसा सोसते, पण मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली काही आठवडे काढलेल्या वाइनमधला ताजेपणा निघून जातो आणि तो पुढे कितीही बर्फात ठेवून परत येत नाही. वातानुकूलित वाहन आणि थंड गोदाम यांची निगा शेवटच्या दुकानापर्यंत अखंड राहिली, तरच तळघरात घालवलेल्या महिन्यांचा उपयोग होतो. ग्राहकानेही बाटली दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली असेल, तर ती घेऊ नये.

अशी वाइन ८ ते १० अंशांवर, तळाशी अरुंद पण पोटाशी थोड्या रुंद पेल्यात ओतणे योग्य. तिचा आंबटपणा तळलेल्या पदार्थांशी फार चांगला जमतो. ठाणे-रायगडच्या किनाऱ्यावरील रवा लावून तळलेला बोंबील, कोथिंबीर वडी किंवा फार मसाला न घातलेली कोळंबी यांच्याबरोबर शेनिनची ब्रूत घेतली, तर दोघांचीही चव उठून दिसते. तिखट रश्श्याबरोबर मात्र तिचे नाजूक गंध हरवतात.

वडप्याहून या मार्गाने जाणाऱ्याने ऋतू जपून निवडावा. एप्रिल-मेमध्ये खरड छाटणीनंतरचे उघडे मांडव आणि काड्यांचे ढीग तेवढे दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये कसारा घाट धबधब्यांनी देखणा होतो, परंतु बागांत घड नसतात आणि दाट धुक्यामुळे घाटातील वाहतूक मंदावते. डिसेंबरचा अखेरचा आठवडा ते जानेवारीचा मध्य हा काळ सर्वांत उत्तम, कारण तेव्हा फसफसत्या वाइनची काढणी चालू असते. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून आलेल्या मजुरांच्या टोळ्या ऊन चढण्यापूर्वी घड उतरवून क्रेट भरतात, आणि वायनरीच्या दारात प्रत्येक गाडीतील रसाचे ब्रिक्स व आम्ल मोजूनच ती आत घेतली जाते. वायनऱ्यांतील चव घेण्याच्या खोल्या सहसा दुपारनंतर गजबजतात, तर बागेचे काम तोवर आटोपलेले असते. ज्याला काढणी पाहायची आहे, त्याने नाशिकला किंवा दिंडोरीलाच आदल्या रात्री मुक्काम करावा.